दोघांचे सख्य, तिसऱ्याचे नुकसान

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण आपल्या भाषेत फार जुनी आहे. बाजारपेठेच्या शास्त्रातील निम्मे शहाणपण या चार शब्दांत सामावलेले आहे. दोन दुकानदार एकमेकांवर कुरघोडी करीत असतात तोवर गिऱ्हाइकाला मानही मिळतो आणि माफक दरही मिळतो. तेच दुकानदार एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसले, की गिऱ्हाइकाने आपला खिसा चाचपून पाहावा हे उत्तम. विमानवाहतुकीच्या धंद्यात गेली तीस वर्षे जगभर असे गळ्यात गळे घालणे चालू आहे. त्याला 'अलायन्स' असे भारदस्त नाव आहे आणि प्रवाशाची सोय हे त्याचे जाहीर कारण आहे. ही सोय खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्या सोयीची किंमत कोण मोजतो आणि ती मोजणाऱ्याला विचारतो कोण, हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारीने आता उघडपणे विचारण्याची वेळ आली आहे.

कोणी म्हणेल, विमानाने हिंडणाऱ्या मूठभर सुखवस्तूंच्या तक्रारीसाठी अग्रलेखाची जागा कशाला? या आक्षेपाचे उत्तर चाकणच्या रस्त्यावर कोणत्याही संध्याकाळी उभे राहिले तर मिळेल. चाकण, तळेगाव आणि भोसरी येथून निघालेल्या मोटारी घाट उतरून मुंबईच्या विमानतळाकडे धावत असतात. त्यांत बसलेली माणसे सहलीला निघालेली नसतात. कोणी सुट्या भागांचा लहानसा कारखाना चालविणारा उद्योजक असतो, कोणी साचे बनविणारा कारागीर-अभियंता असतो. जर्मनीतील ग्राहकाने एखाद्या नगाविषयी शंका काढलेली असते आणि परवा सकाळी त्याच्या दारात उभे राहिले नाही तर वर्षाची मागणी दुसऱ्याच्या हाती जाण्याचे भय असते. असे तिकीट ऐन वेळी काढावे लागते, म्हणूनच ते सर्वांत महाग पडते. भाड्याचा तो अधिक भार शेवटी मालाच्या किमतीत किंवा कामगाराच्या पगारात कोठेतरी उतरतो. तेव्हा विमानाचे भाडे हा या पट्ट्यापुरता चैनीचा विषय नाही. तो उत्पादनखर्चाचा विषय आहे.

या पट्ट्याचे परदेशाशी नाते आजचे नव्हे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि माळरानावर कारखानदारीचे पहिले मोठे रोप लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या रोपाचे वन झाले. टेल्को आली, बजाज आली, स्वीडनची एसकेएफ चिंचवडला आली. पुढे चाकणने पिंपरीचाच कित्ता गिरविला. फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेन्झ या जर्मन कंपन्यांचे कारखाने २००९ साली तेथे सुरू झाले, महिंद्र आणि बजाज यांचेही कारखाने तेथे आहेत. या मोठ्या वृक्षांच्या सावलीत शेकडो लहान पुरवठादार वाढले. मोठ्या कारखान्याला स्वतःचा प्रवास-विभाग असतो आणि विमानकंपनीशी घासाघीस करण्याचे बळ असते. लहान पुरवठादाराला तिकिटाच्या पडद्यावर जो आकडा दिसेल तो मुकाट्याने भरावा लागतो. आमचा हा लेख प्रामुख्याने त्याच्याकरिता आहे.

या नात्याची जाणीव विमानकंपन्यांना नव्हती असे नाही. २००८ साली लुफ्तान्साने पुणे ते फ्रँकफुर्ट अशी थेट सेवा सुरू केली होती. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच हजार मीटर लांबीची, विमानतळ मूळचा हवाई दलाचा आणि मोठी लांबपल्ल्याची विमाने तेथून पूर्ण भाराने उडविणे अवघड, अशी अडचण होती. तेव्हा प्रिव्हेटएअर या स्विस कंपनीकडून मोजक्या आसनांचे लहान बोईंग ७३७ भाड्याने घेऊन ही सेवा चालविण्यात आली. एका औद्योगिक पट्ट्याच्या गरजेसाठी जगातील एका नामांकित कंपनीने एवढा खटाटोप केला, यातच त्या पट्ट्याचे महत्त्व दिसून येते. ती सेवा पुढे बंद पडली. आता युरोपला जाणाऱ्या पुणेकराने मुंबईला मोटारीने जावे, नाही तर दिल्ली किंवा आखातातील एखाद्या शहरी विमान बदलावे, एवढेच पर्याय उरले आहेत. थेट वाट नाहीशी झाली की जोडवाटेचे महत्त्व वाढते, आणि जोडवाट कोणाच्या हाती आहे हे ज्या करारांनी ठरते त्यांनाच 'अलायन्स' म्हणतात.

या करारांचे स्वरूप वाचकांनी नीट समजून घ्यावे. दोन विमानकंपन्या एकमेकींच्या विमानांवर आपला क्रमांक लावून तिकिटे विकतात, त्यास कोडशेअर म्हणतात. त्यापुढची पायरी म्हणजे अनेक कंपन्यांचा महासंघ. १९९७ साली लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, एसएएस आणि थाई या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स स्थापन केला. १९९९ मध्ये वनवर्ल्ड आणि २००० मध्ये स्कायटीम हे महासंघ उभे राहिले. याही पुढची पायरी म्हणजे संयुक्त व्यवसाय. त्यात दोन कंपन्या एखाद्या मार्गावरील भाडी, वेळापत्रके आणि उत्पन्नाची वाटणी एकत्र बसून ठरवितात. इतर कोणत्याही धंद्यात दोन प्रतिस्पर्ध्यांनी असे केले तर त्यास संगनमत म्हणून दंड होईल. विमानधंद्यात मात्र सरकारे त्यास परवानगी देतात. केएलएम आणि नॉर्थवेस्ट या कंपन्यांना अमेरिकेने मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट देण्याचे ठरविले, तेव्हापासून, म्हणजे १९९२-९३ पासून, ही प्रथा रूढ झाली.

ही परवानगी केवळ मूर्खपणाने दिली गेली असे समजणे अन्यायाचे होईल. पुण्याहून दिल्लीमार्गे फ्रँकफुर्टला जाणाऱ्या प्रवाशाचे उदाहरण घ्या. पुणे-दिल्ली हा टप्पा एका कंपनीचा आणि दिल्ली-फ्रँकफुर्ट हा दुसरीचा असेल, आणि दोघींत काही करार नसेल, तर दोघीही आपापल्या टप्प्यावर स्वतंत्रपणे नफा चढवितात. सामान दिल्लीत उतरवून पुन्हा चढवावे लागते आणि पहिले विमान उशिरा पोचले तर दुसरे तिकीट पाण्यात जाते. करार झाला की संपूर्ण प्रवासाचा एकत्र विचार होतो, एक तिकीट मिळते, सामान थेट मुक्कामी पोचते आणि बहुधा भाडेही कमी होते. एकाचा टप्पा जेथे संपतो तेथे दुसऱ्याचा सुरू होतो, अशा ठिकाणी सख्य प्रवाशाच्या हिताचे असते. ही गोष्ट आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजू पाहा. दिल्ली-फ्रँकफुर्ट या मार्गावर लुफ्तान्साही उडते आणि एअर इंडियाही उडते, आणि दोन्ही कंपन्या स्टार अलायन्सच्या सभासद आहेत. एकाच रस्त्यावर समोरासमोर दुकान थाटलेल्या दोघांनी हातमिळवणी केली तर मात्र गिऱ्हाइकाला कोणताच नवा लाभ होत नाही, फक्त त्याचा पर्याय जातो. म्हणजे एकच करार एका टप्प्यावर उपकारक आणि दुसऱ्या टप्प्यावर अपायकारक ठरू शकतो. म्हणून अलायन्स चांगला की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. कोणत्या दोन शहरांमधील प्रवाशासाठी तो चांगला आणि कोणत्या शहरांसाठी वाईट, असा प्रश्न विचारला पाहिजे. युरोपीय आयोगाने हेच केले. ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन आणि आयबेरिया यांच्या करारात २०१० साली, आणि लुफ्तान्सा, युनायटेड व एअर कॅनडा यांच्या करारात २०१३ साली आयोगाने मार्गागणिक छाननी केली. ज्या मार्गांवर स्पर्धा मरत होती तेथे विमानतळावरील उड्डाणाच्या वेळा प्रतिस्पर्ध्यांना मोकळ्या करून देण्याचे बंधन त्यांनी कंपन्यांकडून लिहून घेतले.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्याकडे विमानकंपन्यांच्या सख्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. २००८ च्या ऑक्टोबरात जेट एअरवेज आणि किंगफिशर या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी सहकार्याचा करार जाहीर केला. कोडशेअर, इंधनाची एकत्रित व्यवस्था, परस्परांच्या नियमित प्रवाशांना सवलती असे सारे काही त्यात होते. देशातील निम्म्याहून अधिक विमानप्रवासी त्या वेळी या दोन गटांकडे होते. पुढे किंगफिशरला वनवर्ल्डमध्ये प्रवेश मिळणार होता. त्याआधीच तिची आर्थिक स्थिती ढासळली आणि २०१२ च्या ऑक्टोबरात तिची विमाने जमिनीवर आली. २०१३ साली जेटने आपले २४ टक्के भागभांडवल अबुधाबीच्या एतिहादला विकले आणि १७ एप्रिल २०१९ रोजी तिचेही शेवटचे विमान उतरले. एअर इंडिया बरीच वर्षे ताटकळून २०१४ च्या जुलैत स्टार अलायन्समध्ये गेली आणि २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे परतली. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. २०२४ च्या ऑक्टोबरात पूर्वीची एअरएशिया इंडिया ही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये आणि नोव्हेंबरात विस्तारा ही एअर इंडियात विलीन झाली. या साऱ्या पडझडीतून आणि विलीनीकरणांतून आज दोनच मोठी घराणी उरली आहेत. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोकडे आहेत आणि टाटांचा गट धरून दोघांचा वाटा नव्वद टक्क्यांच्या घरात जातो.

या दोन घराण्यांनीही परदेशात आपापले सोयरे शोधले आहेत. एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये आहे आणि तिच्यात सिंगापूर एअरलाइन्सचा २५.१ टक्के वाटा आहे. इंडिगो कोणत्याही एका महासंघाची सभासद नसली, तरी २०२५ च्या जूनमध्ये तिने डेल्टा, एअर फ्रान्स-केएलएम आणि व्हर्जिन अटलांटिक यांच्याशी भागीदारी जाहीर केली. याचा पुण्यासारख्या शहराला होणारा परिणाम सूक्ष्म आहे, म्हणून तो उलगडून सांगितला पाहिजे. परदेशी कंपनीला पुण्याचा प्रवासी हवा असेल तर त्याला मुंबई किंवा दिल्लीपर्यंत आणून देणारी देशी कंपनी हवी. अशा देशी कंपन्या उरल्या दोन. त्या दोघी ज्यांच्याशी बांधल्या गेल्या आहेत त्यांचा माल पुण्याच्या दुकानात सहज मिळेल. ज्यांच्याशी त्यांचे सख्य नाही अशी तिसरी कंपनी कितीही स्वस्त असली, तरी पुण्याच्या प्रवाशाला ती एका तिकिटावर मिळणे कठीण. दुकाने दिसायला भरपूर, पण आत जाण्याचे दरवाजे दोनच, अशी ही अवस्था आहे.

यावर भारतीय स्पर्धा आयोगाने काय केले? एअर इंडिया आणि विस्तारा यांच्या विलीनीकरणास आयोगाने १ सप्टेंबर २०२३ रोजी मान्यता दिली. ती कंपन्यांनी स्वतः देऊ केलेल्या वचनांच्या अधीन राहून दिली. सिंगापूरच्या स्पर्धा आयोगानेही २०२४ च्या मार्चमध्ये सशर्त संमती दिली. मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि तिरुचिरापल्ली या चार शहरांपासून सिंगापूरला जाणाऱ्या थेट मार्गांवर त्यांना चिंता वाटली आणि तेथे आसनसंख्या कोरोनापूर्व पातळीवर राखण्याचे बंधन त्यांनी घातले. या यादीत पुणे नव्हते. नियमाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पुणे-सिंगापूर ही थेट सेवा विस्ताराने २०२२ च्या डिसेंबरात सुरू केली होती आणि सिंगापूर एअरलाइन्सचे स्वतःचे विमान पुण्याला येत नव्हते. जेथे दोघांची टक्करच नाही तेथे स्पर्धा कमी होण्याचा प्रश्न कोठून येणार, असा हा तर्क.

तर्क निर्दोष असला तरी त्याचे फळ पुण्याने पाहिले. २०२५ च्या जूनमध्ये एअर इंडियाने आपल्या उड्डाणांत कपात केली आणि १५ जुलैपर्यंत जे मार्ग पूर्णपणे स्थगित ठेवले, त्यांत बंगळूर-सिंगापूर आणि मुंबई-बागडोगरा यांच्या जोडीला पुणे-सिंगापूर होता. अहमदाबादच्या भीषण अपघातानंतर कंपनीला विमानांची अधिक तपासणी करावयाची होती आणि वेळापत्रकाला सावरावयाचे होते, हे आम्हांस मान्य आहे. सुरक्षिततेसाठी केलेल्या कपातीबद्दल कोणी शहाणा माणूस तक्रार करणार नाही. परंतु एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. कात्री चालवावी लागली तेव्हा ती पुण्याच्या मार्गावर चालली, आणि ज्या चार मार्गांना सिंगापूरच्या अटींचे कवच होते त्यांपैकी एकही या तिघांत नव्हता. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही सुचवीत नाही. जेथे प्रतिस्पर्धी नाही आणि अटही नाही तेथे सेवा बंद करणे सर्वांत सोपे असते, एवढाच त्याचा अर्थ. आपले कायदे दोघांची टक्कर कोठे आहे हे मोजतात. एखादे शहर एकाच धाग्यावर लोंबकळत आहे काय, हे मोजण्याची त्यांना सवय नाही. आमच्या मते दोष नेमका येथे आहे.

एकावरच भिस्त ठेवल्याने काय होते याचा धडा २०२५ च्या डिसेंबरात साऱ्या देशाला मिळाला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आधीपासून ठाऊक होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर जाणार आणि रात्रीच्या उतरणांवर मर्यादा येणार, हे जाहीर झालेले होते. तरीही इंडिगोची तयारी अपुरी पडली आणि काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली. लोहगावला तर चालकदलाअभावी उभ्या राहिलेल्या विमानांनी जागा अडवून ठेवल्या आणि इतर कंपन्यांच्या विमानांचाही खोळंबा झाला. भाडी आकाशाला भिडली तेव्हा सरकारला ६ डिसेंबर रोजी कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये, अशी ती मर्यादा होती. विश्रांतीच्या नियमांतूनही त्या कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली. एका कंपनीच्या नियोजनातील चुकीमुळे सुरक्षिततेचा नियमच मागे घ्यावा लागतो, याहून मक्तेदारीचा मोठा पुरावा कोणता हवा? पाच-सहा तुल्यबळ कंपन्या असत्या तर एकीची चूक तिच्याच अंगाशी आली असती. येथे ती देशाच्या अंगाशी आली.

या साऱ्या गोष्टी घडत असता नियमित प्रवासी गप्प का राहतो? त्याच्या हाती एक खुळखुळा दिलेला आहे, हे त्याचे उत्तर आहे. त्या खुळखुळ्यास 'माईल्स' किंवा 'पॉइंट्स' म्हणतात. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने ही युक्ती मोठ्या प्रमाणावर रूढ केली आणि आज प्रत्येक महासंघाचा ती कणा आहे. युक्ती अशी की तिकिटाचे पैसे भरते कंपनी आणि पॉइंट मिळतात प्रवास करणाऱ्या अधिकाऱ्याला. साहजिकच दुसऱ्या कंपनीचे विमान पाच हजारांनी स्वस्त असले, तरी अधिकारी आपल्या 'सोनेरी' सभासदत्वाच्या ओढीने महाग तिकीट काढतो. यात त्याची अप्रामाणिकता आहे असे नव्हे, मनुष्यस्वभाव आहे. महासंघ जितका मोठा तितके पॉइंट साठविण्याची आणि खर्चण्याची ठिकाणे अधिक, म्हणून त्याची पकड अधिक. नव्याने बाजारात येणाऱ्या लहान कंपनीला भाडे कमी करूनही हा गिऱ्हाईक फोडता येत नाही. स्पर्धेच्या वाटेवर उभारलेली ही मखमली भिंत आहे.

बरे, हे पॉइंट तरी प्रवाशाचे स्वतःचे असतात काय? करारातील बारीक अक्षरे वाचली तर ते कंपनीचेच असतात. त्यांचे मोल कधी आणि किती घटवावे हे कंपनी एकतर्फी ठरविते. एअर इंडियाने २०२४ साली आपली योजना बदलून पॉइंट अंतराऐवजी खर्चाच्या प्रमाणात देण्याची पद्धत आणली. विस्ताराच्या सभासदांचे खाते विलीनीकरणानंतर एअर इंडियाच्या योजनेत गेले. जेट बंद पडली तेव्हा तिची प्रवासी-योजना वेगळ्या कंपनीकडे होती, म्हणून साठवलेले माईल्स अजिबात नष्ट झाले नाहीत. पण ज्या विमानात बसण्यासाठी ते वर्षानुवर्षे साठविले ते विमानच राहिले नाही. म्हणजे नाणे उरले आणि टांकसाळ बुडाली. कोणत्याही सरकारने आपल्या चलनाचे मोल असे रातोरात बदलले तर केवढा हलकल्लोळ होईल! अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२४ च्या सप्टेंबरात तेथील चार मोठ्या विमानकंपन्यांच्या अशा योजनांची चौकशी सुरू केली आणि पॉइंटांचे मोल घटविण्याच्या प्रकाराबद्दल त्यांच्याकडून माहिती मागविली. आपल्याकडे या प्रश्नाकडे अद्याप थट्टेचा विषय म्हणून पाहिले जाते.

विमानकंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. हा धंदा नाजूक आहे, इंधन महाग आहे, विमानांचे भाडे डॉलरमध्ये मोजावे लागते आणि बेफाम स्पर्धेनेच किंगफिशर, जेट आणि गो फर्स्ट यांचा बळी घेतला, असे त्या म्हणतात. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? खर्चाखाली तिकिटे विकणारी कंपनी फार दिवस तगत नाही आणि ती बुडाली की प्रवाशांबरोबर हजारो कामगारही रस्त्यावर येतात. परंतु दुबळ्या कंपनीला सहकार्याची गरज असते म्हणून समर्थ कंपन्यांच्या संगनमताकडे डोळेझाक करावी, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. संगनमताची भीती काल्पनिकही नाही. विमानाने माल पाठविताना आकारल्या जाणाऱ्या इंधन-अधिभाराच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने २०१५ साली जेट, इंडिगो आणि स्पाइसजेट यांना मिळून सुमारे २५८ कोटी रुपयांचा दंड केला होता. अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय रद्द करून फेरविचारास पाठविला, आणि २०१८ साली आयोगाने पुन्हा तिघींना दोषी धरून सुमारे ५४ कोटींचा दंड ठोठावला. चाकणचा कारखानदार आपला तातडीचा माल विमानानेच धाडतो, तेव्हा हे प्रकरण त्याच्या दाराशी आलेलेच होते.

उपाय काय, असे वाचक विचारतील. पहिला उपाय अर्थातच दरवाजे वाढविण्याचा. चाकण-राजगुरुनगर भागात विमानतळ उभारण्याची भाषा या पट्ट्याने अनेक वर्षे ऐकली आणि ती हवेत विरून गेली. २०१६ साली पुरंदरची जागा ठरली. तेथील सात गावांतील शेतकऱ्यांचा विरोध हा निव्वळ हट्ट नव्हे. ज्याची जमीन जाते त्याला न्याय्य मोबदला आणि भविष्याची हमी दिल्यावाचून विमानतळाचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार आम्हां शहरवासीयांना नाही. लोहगावला २०२४ च्या जुलैत नवी इमारत खुली झाली, परंतु इमारत मोठी झाल्याने धावपट्टी लांब होत नाही. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आहे. घाट उतरून जाणाऱ्या पिंपरी-चिंचवडकराला तो मुंबईच्या विमानतळापेक्षा जवळ पडतो, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मुंबई आणि नवी मुंबई हे दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाच्या ताब्यात आहेत, हे विसरून चालणार नाही. दरवाजे दोन झाले तरी द्वारपाल एकच असेल तर स्पर्धा अर्धीच राहते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. स्पर्धा आयोगाने विमानकंपन्यांच्या प्रत्येक मोठ्या कराराची छाननी शहरांच्या जोडीगणिक करावी, आणि एकाच कंपनीवर अवलंबून असलेल्या शहरांची वेगळी नोंद ठेवून त्यांच्यासाठी सेवेची किमान हमी घ्यावी. स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात कार्यक्षमता वाढविणाऱ्या संयुक्त उपक्रमांना जी सूट आहे, ती मागणाऱ्याने कार्यक्षमतेचा लाभ प्रवाशापर्यंत पोचल्याचे आकड्यांनी दाखवावे. हे आकडे लोकांसमोर हवेत. अमेरिकेत विकल्या गेलेल्या तिकिटांचा नमुना सरकार प्रसिद्ध करते आणि कोणताही अभ्यासक भाड्यांचा हिशेब मांडू शकतो. आपल्या महासंचालनालयाने दरमहा कंपन्यांचे वाटे छापावेत आणि प्रत्यक्ष भाडी मात्र पडद्याआड राहावीत, हे लोकशाहीस शोभत नाही. लोहगावच्या मर्यादित वेळा आणि विमाने उभी करण्याच्या जागा देताना नव्या कंपनीस प्राधान्य मिळावे. परदेशी कंपनीला कोणत्या भारतीय शहरात उतरता येईल हे दोन देशांतील करारांवर ठरते. ते करार करताना दिल्ली-मुंबईपलीकडे औद्योगिक शहरे आहेत याचे भान केंद्र सरकारने ठेवावे. आणि प्रवाशांच्या पॉइंटांना कंपनीवरील ऋण मानून, त्यांचे मोल घटविण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना देण्याचे कायदेशीर बंधन घालावे.

सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ, असेही नाही. १९३४ साली स्थापन झालेली मराठा चेंबरसारखी संस्था आपल्या शहरात आहे. चाकण-भोसरीतील लहान उद्योजकांनी आपली प्रवासाची गरज एकत्र करून विमानकंपन्यांशी सौदा केला, तर एकट्याने न मिळणारा भाव शंभरांना मिळेल. विमानकंपन्यांना जर महासंघ करण्याची मुभा आहे, तर गिऱ्हाइकांना ती कोणी नाकारली आहे? तसेच प्रत्येक कारखान्याने ज्याच्या पैशाने तिकीट त्याचेच पॉइंट असा साधा नियम केला, तर अधिकाऱ्यांच्या हातातील खुळखुळा आपोआप थांबेल आणि स्वस्त तिकिटाला पुन्हा किंमत येईल.

विमानकंपन्यांनी एकमेकींशी भांडतच राहावे असा आमचा हेका नाही. जेथे त्यांच्या सख्याने पुण्याचा माणूस कमी खर्चात आणि कमी त्रासात जगाच्या बाजारात पोचतो, तेथे त्या सख्याचे आम्ही स्वागतच करू. पण त्या सख्याचा करार होत असता तिसऱ्याला, म्हणजे पैसे मोजणाऱ्याला, बैठकीबाहेर उभे करण्याची आजवरची रीत मोडली पाहिजे. ज्या पट्ट्याने साठ-सत्तर वर्षांत माळरानाचे कारखाने केले, त्याने आपल्या आकाशाचा हिशेब मागू नये, हे त्याच्या कर्तृत्वाला साजेसे नाही.